तीन थेंब उशिरा

दुपारचे अडीच वाजलेत आणि शालनच्या पापण्या जड व्हायला लागल्यात. जेवण झालंय, भांडी घासून पालथी घातलीत, आणि ती बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसलीय. डाव्या हातात बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात टाकीतलं पाणी, औषध घालून हिरवट केलेलं. उजव्या हातात थेंब पाडायची कुपी. एक थेंब टाकायचा, नळी हलवायची. दुसरा थेंब, पुन्हा हलवायची. हिरव्याचं गुलाबी झालं की थांबायचं आणि किती थेंब लागले ते वहीत लिहायचं. काम एवढंसंच, पण सहाव्या थेंबालाच तिची मान कलतेय. चार महिने झाले, बाई धड झोपलेली नाही.

आता ही टाकी काय भानगड आहे ते सांगायला हवं. मिरजेपासून समुद्र म्हणजे घाट उतरून चार-पाच तासांचा रस्ता. तो समुद्र तीन फुटी टाकीत भरून घरात ठेवायचा उद्योग शालनच्या नवऱ्याचा, शांतिनाथ मगदूमांचा. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तीस वर्षं सहायक होते. निवृत्त झाले आणि लोक तीर्थयात्रेला जातात तसे हे मिठाच्या पाण्याच्या मागं लागले. मीठ मोजून पाण्यात कालवायचं, त्यात दगड, दगडांवर जिवंत प्रवाळ, दोन नारिंगी मासे, आणि एक दिवसाआड पाण्याची तपासणी. माणसाला वेड लागू दे, पण खारट पाण्याचं नको गं बाई, असं शालन शेजारणींना सांगायची. श्रावणात शांतिनाथ गेले. आता मार्गशीर्ष लागलाय. टाकी राहिली, वही राहिली आणि शालन राहिली.

वहीत पानोपानी एकच आकडा आहे, एकोणीस. कधी अठरा, कधी वीस, पण फिरून पुन्हा एकोणीस. म्हणजे पाणी गुलाबी व्हायला एकोणीस थेंब लागले पाहिजेत. शांतिनाथ त्याला केएच म्हणायचे. प्रवाळ आपलं हाड ज्यातून बांधतं ते पाण्यात किती आहे, हे त्या आकड्यावरून कळतं. शालननं एकटीनं पहिल्यांदा तपासलं तेव्हा सोळाच आले. तिनं सोड्याचं पाणी घालून सतरा केले, अठरा केले, एकोणीस केले. आकडा रोज जरा उतरायचा, ती रोज चढवायची. आणि जसजशी चढवत गेली तसतशी जांभळी पांढरी पडत गेली.

जांभळी म्हणजे टाकीतलं सगळ्यात जुनं प्रवाळ. नऊ वर्षांपूर्वी करंगळीएवढा तुकडा आणला होता, त्याचं आता वीतभर झुडूप झालंय. त्याची सगळी टोकं भाजल्यासारखी पांढरी झालीत. वहीत आहे ते आणि तेवढंच करूनही नवऱ्याच्या हातचं झाड आपल्या हातात मरतंय, हे शालनला बघवेना. काल तिनं सांगलीच्या इरफान मुजावरला फोन केला. मासे आणि प्रवाळ विकायचं दुकान आहे त्याचं, शांतिनाथांचा जुना दोस्त. उद्या ये आणि सगळं घेऊन जा, म्हणाली. टाकीसकट.

म्हणजे आजची तपासणी शेवटची. पंप घर्र करतोय, पाणी हलतंय, पाण्याचा उजेड छतावर हलतोय. सहावा थेंब पडतो.

"सात," शालन पुटपुटते.

"आठ," समोरून कोणीतरी म्हणतं.

शांतिनाथ स्टुलावर बसलेत. तपकिरी हाफ स्वेटर, चष्मा कपाळावर सरकवलेला, कानावर पेन्सिलीचं थोटूक. शालनला नवल वाटत नाही. उलट, किती वेळ लावला यायला, असंच मनात येतं.

"जेवलीस काय?" ते विचारतात.

"जेवले. तुम्ही?"

"आमचं काय, होतंय आपलं." ते टाकीत वाकून बघतात. "वरचं पाणी घालतेस की नाही? उडतं बघ रोज."

"घालते. गोडंच घालते, मीठ न घालता."

"शाबास. पाणीच तेवढं उडून जातं, मीठ कुठं जात नाही. आहे तिथंच राहतं." ते आणखी वाकतात. "आणि ही जांभळी? हिला काय झालं गं?"

शालनला एकदम रडू फुटतं. इतके दिवस पाहुण्यांसमोर, लेकीसमोर, सुतकात, कुठंच असं फुटलं नव्हतं.

"मी मारली हो तिला. तुमची जांभळी मी मारली."

"तू?" शांतिनाथ हसतात. "झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून मला हाका मारणारी तू. तू कुणाला मारतेस?"

"चेष्टा नका करू. वहीप्रमाणे सगळं केलं. थेंबभर इकडंतिकडं नाही. रोज एकोणीसवर आणून ठेवते."

"कितीवर?"

"एकोणीसवर. तुमच्याच वहीत आहे की."

"खरे एकोणीस? मोजून? डोळे उघडे ठेवून?"

"आता काय शपथ घेऊ?"

शांतिनाथ कपाळाला हात लावतात. "अरारारा," म्हणतात, पण रागावल्यासारखे नाही. गाडी चुकलेल्या पाहुण्याकडं बघावं तसे तिच्याकडं बघतात.

स्टूल तेच आहे, पण आता ते कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. लांबच लांब काळी टेबलं, त्यांवर उभ्या काचेच्या नळ्या, सगळीकडं जळक्या गॅसचा वास. शालन या खोलीत जन्मात एकदाच आली होती, निरोपसमारंभाला. आता ती घरातल्या सुती साडीत उभी आहे आणि हातात तीच बोटाएवढी नळी आहे. नळ टपटपतोय. त्याच्या खालच्या मोरीत नारिंगी माशांची जोडी फिरतेय आणि त्याचंही कुणाला काही वाटत नाही.

"इथं तीस वर्षं काढली," शांतिनाथ म्हणतात. "लाल कुठला, हिरवा कुठला, आपल्याला एकाच मातीचे. रेल्वेवाल्यांनी डोळे तपासताना त्या रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकावरून घरी पाठवलं. आणि नोकरी लागली कुठं, तर जिथं दिवसभर रंगच बघायचा!"

"हजारदा ऐकलंय मी हे."

"पुढचं ऐकलं नाहीस. पोरं नळीतून थेंब सोडायची आणि मी विचारायचो, बदलला काय रे? प्रत्येकाचं सांगणं वेगळं. एखाद्याला घरी पळायची घाई, तो दोन थेंब आधीच हो म्हणायचा. एखादा भित्रा, चारदा बघून मग बोलायचा. कोण किती लवकर, कोण किती उशिरा, सगळ्यांचं पाठ होतं मला. त्यावरून मी खरा आकडा काढायचो. सर लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही की मगदूमला रंग दिसत नाहीत."

"मला कळलं की. लग्नात तुम्ही हिरव्या शालूला तांबडा म्हणालात तेव्हाच."

"म्हणून तर घरी तुला बसवायचो. शालन, बदलला की सांग. आणि तू सांगायचीस." शांतिनाथ कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवतात. "तीन थेंब उशिरा."



"कोण, मी?"

"तूच."

"मी उशिरा सांगायचे? नऊ वर्षं? एक दिवसाआड?"

"तेव्हा दुपारची मालिका असायची तुझी. एक डोळा इथं, एक तिथं."

"मालिकेला नावं ठेवू नका. चुलीवर दूध असायचं, दारात कुणीतरी असायचं, आणि तुमचं एकच, बदलला काय, बदलला काय..." बोलता बोलता ती थांबते. नळीतल्या हिरवट पाण्याकडं बघते. "म्हणजे ते एकोणीस..."

"सोळाच. इरफान आला होता एकदा, त्याला बघायला सांगितलं. तो म्हणाला सोळा. लगेच तुला हाक मारली, तेच पाणी, तू म्हणालीस एकोणीस. पुढं सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायला लावून पडताळलं. तीन म्हणजे तीन. घड्याळ चुकेल, पण तू चुकायची नाहीस."

"मग बोलला का नाहीत? माणसानं बोलावं की तोंडानं!"

"बोललो असतो तर तू सावध झाली असतीस. मग कधी एक थेंब आधी, कधी चार नंतर. मी काय धरून चालायचं? रोज तीन म्हटल्यावर मला काळजी नव्हती. ठरलेला उशीर असला की तो उशीर राहत नाही गं. आपण तेवढं धरून चालायचं."

शालनला राग आलाय, हसू आलंय, आणि दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी आहे ते वर येतंय. तिला ते नकोय. ती म्हणते, "इथं गार वाटतंय. घरी चला."

घरातच आहेत ते. स्वयंपाकघर आहे आणि फरशीवर घोटाभर पाणी आहे, खारं. शालनच्या मांडीवर ताट आहे आणि ताटात गवार. ती गवार तिला ओळखू येते. श्रावणातली ती सकाळ, तेच ताट, त्याच शेंगा. तिची बोटं शेंगा मोडायला लागतात आणि थांबता थांबत नाहीत. मागं, बेसिनच्या आरशासमोर, शांतिनाथ उभे आहेत. दिसत नाहीत, पण ती जाणून आहे.

"शालन," मागून आवाज येतो, "माझा चेहरा बघ गं जरा. रंग कसा वाटतोय?"

तिनं तेव्हा काय उत्तर दिलं होतं ते तिला पाठ आहे. चार महिने तेच डोक्यात वाजतंय. शेंगेवरची नजर न काढता ती म्हणाली होती, आहे तसाच आहे, तुम्हाला काय धाड भरलीय. दोन तासांनी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेली तेव्हा ते टाकीसमोर बसलेले होते आणि त्यांचा रंग राखेसारखा होता. रिक्षा आली, दवाखाना आला, पण जे व्हायचं ते रिक्षातच होऊन गेलं. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलासुद्धा नाही.

"मी मान वर केली नाही हो," शालन आता गवारीकडं बघतच म्हणते.

"ठाऊक आहे."

"नुसती वर करायची होती. मान वर करायला काय लागतं? एवढी वर्षं मी तुमचे डोळे, आणि ज्या दिवशी लागले त्या दिवशी मी गवार मोडत बसले. तो काही तीन थेंबांचा उशीर नव्हता."

पाणी आता पोटऱ्यांपर्यंत आलंय. शांतिनाथ पाण्यातून चालत येतात आणि तिच्या शेजारी खालीच बसकण मारतात. ताटातली एक शेंग उचलतात, मोडतात, ताटात टाकतात.

"मी एक विचारू?" ते म्हणतात. "दुखत कुठं होतं?"

"छातीत. डॉक्टर म्हणाले."

"कुणाच्या छातीत?"

"असं काय विचारता? तुमच्या."

"मग मला कळत नव्हतं काय? पहाटेपासून कळत होतं. घाम येत होता. शालन, छातीत दुखतंय, रिक्षा बोलव, असं सांगायचं सोडून मी तुला रंग विचारत बसलो. का, सांग?"

शालन आणखी एक शेंग मोडते.

"भीती वाटली मला. दुखतंय म्हटलं की ते खरं होणार. रंग कसा आहे म्हटलं, तर तू म्हणणार, आहे तसाच आहे, आणि मला तेच ऐकायचं होतं. तुझं उत्तर मला आधीच माहीत होतं गं. त्या दिवशीचा उशीर माझा. तुझे तीन थेंब मी धरून चाललो होतो. माझे किती, तेच मोजले नाहीत."

 शालन त्यांच्या स्वेटरची बाही धरते. लोकर ओली आहे आणि खरखरीत आहे, मिठानं खरखरीत व्हावी तशी. मन भरून रडून घेते ती, आणि ते तिला रडू देतात. नाहीतर जिवंतपणी या माणसासमोर रडायची सोय नव्हती, लगेच उठून पाणी आणायला जायचे.

"मी सांगायला हवं होतं," शेवटी शांतिनाथ म्हणतात.

"हवंच होतं," शालन नाक पुसत म्हणते. "आणि मी बघायला हवं होतं."

"तेही खरं."

"आता जांभळीचं काय करू?"

"काही करू नको. सोडा जास्त झाला म्हणून भाजलीय ती, डबा वर ठेवून दे. आठ-पंधरा दिवस हात लावू नको, आकडा आपोआप सोळावर येईल. मग तिथं सांभाळ. उडालेलं पाणी तेवढं घाल."

"जगेल?"

"ते मी कसं सांगू? मला ती कायम निळीच दिसली, तू जांभळी म्हणतेस म्हणून जांभळी. तूच बघ. टोकं गेली ती गेली. बुंध्याला रंग आहे काय?"

टाकी स्वयंपाकघरात आहे, नाहीतर स्वयंपाकघरच टाकीत आहे. शालन वाकून, नाक काचेला लावून बघते. पांढऱ्या टोकांच्या खाली, दगडाला धरून, दोन बोटं उंचीपर्यंत गडद जांभळं.

"आहे! दोन बोटं आहे!"

"आता कसं लगेच सांगितलंस." शांतिनाथ उठतात. टेबलावरची वही घेतात, मागचं पुठ्ठ्याकडचं पान उघडतात, पेन्सिलीनं काहीतरी करतात. एवढंसं, हाताच्या एका झटक्यात. शालनला दिसत नाही. मग ते तिच्यासमोर येऊन उभे राहतात.

"आणि माझा?" ते म्हणतात. "आता बघ."

शालन मान वर करते. मान वर होते. किती सोपं आहे ते.

"गव्हाळ," ती म्हणते. क्षणाचाही वेळ लावत नाही. "उन्हातून आल्यासारखा. छान आहे हो, छान आहे रंग."

टक्, असा आवाज येतो.

कुपी हातातून सुटून फरशीवर पडलीय. तीन वाजून पाच मिनिटं. नळी मात्र डाव्या मुठीत घट्ट आहे, आतलं पाणी हिरवट, सहा थेंबांनंतर होतं तसंच. स्टूल रिकामं आहे. पंप घर्र करतोय.

 शालन वाकून कुपी उचलते, तिचं तोंड पुसते, आणि राहिलेले थेंब मोजायला लागते. सात, आठ. डोळ्याची पापणी न हलवता एकोणीसपर्यंत जाते, आणि एकोणिसाव्याला पाणी गुलाबी होतं. खरे एकोणीस. मग ती काचेला नाक लावते. दोन बोटं, दगडाला धरून, जांभळं. काल इतकं बघितलं तेव्हा पांढरंच तेवढं दिसलं होतं.

सोड्याचा डबा ती उचलते आणि फळीवर, हात पुरणार नाही इतका मागं ढकलून ठेवते.

वही राहिली. मागचं पान तिनं कधी उघडलेलं नव्हतं, कारण ते उघडायचंच नाही. टाकीचं पाणी सांडून सांडून ते पुठ्ठ्याला चिकटून बसलंय, कडेला मिठाची पांढरी रेघ धरलीय. शालन त्या फटीत नख घालते. मीठ कुरकुरतं, मांडीवर पडतं. पान हळूहळू सुटून येतं. आत निळ्या बॉलपेननं लिहिलेल्या चार ओळी आहेत, ओल लागून फिकट झालेल्या. अक्षर शांतिनाथांचं. वर चार वर्षांपूर्वीची तारीख.

इरफान १६. शालन १९.
शालन तीन थेंब उशिरा सांगते.
धरून चालणे.
तिला सांगू नये.

ती ते तीनदा वाचते. मग फोन उचलते.

"इरफान, उद्या येऊ नको."

"का हो काकू? मी टेम्पो ठरवलाय की."

"टेम्पोवाल्याला नाही म्हणून सांग. मला एक सांग, काकांनी तुला कधी आमचं पाणी बघायला लावलं होतं?"

पलीकडं इरफान जरा घुटमळतो. "हो, एकदा. लई वर्षं झाली. सोळा आले होते. पण काकांनी शप्पथ घातली होती, काकूंना बोलायचं नाही म्हणून. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," शालन म्हणते आणि फोन ठेवते.

वही अजून मांडीवर उघडी आहे. ती चष्मा लावून पुन्हा बघते, कारण मघाशी पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना एक गोष्ट नीट दिसली नव्हती. शेवटची ओळ खोडलेली आहे. 'तिला सांगू नये' या शब्दांवरून एक आडवी रेघ गेलीय, हाताच्या एका झटक्यात मारलेली. ती पेनाची नाही, पेन्सिलीची आहे. शालन तिच्यावरून बोट फिरवते. फिकट निळी अक्षरं तशीच राहतात. रेघ मात्र पुसटते आणि पेन्सिलीचा काळा तिच्या बोटाला लागतो.

चार वाजता ती चहा ठेवते, एकाच हातानं. दुसऱ्या हाताचं ते बोट ती ओलं होऊ देत नाही.